सातबारा बाबांच्या नावावर, शेतात आई, मग किसानचा हप्ता कुणाचा? (आणि माझी हक्कसोड कशाला?)

काळ्या_मातीची_लेक

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माहेर मराठवाड्यात. ३ एकर १० गुंठे कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. बाबा जाऊन या श्रावणात दोन वर्षं होतील. पीएम किसान (केंद्राची योजना) आणि नमो शेतकरी (राज्याची) दोन्हीचे हप्ते बाबांच्या नावावर यायचे. ते गेल्यावरही दोन हप्ते आले, मग बंद झाले. शेत आई बघते. थोरला भाऊ गावातच असतो, धाकटा पुण्यात ड्रायव्हर आहे, आणि मी लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात. सातबारावर अजून बाबांचंच नाव आहे, कुणी काही केलंच नाही.

परवा थोरल्याचा फोन आला. म्हणे ऑनलाइनच्या दुकानात सांगितलं की बहिणीचं नाव लागलं तर हप्ता अडकतो, आधी तिची हक्कसोड (हिस्सा सोडल्याचा दस्त) घ्या. तो वाईट नाही हो, लहानपणी मला सायकलवर डबलसीट शाळेत नेणारा भाऊ आहे. पण दोन हजारांच्या हप्त्यासाठी मी बाबांच्या जमिनीतून नाव काढायचं हे काही पचत नाहीये. आणि नाही म्हटलं तर आईचा हप्ता माझ्यामुळे अडला असं होईल. खरंच अडतो का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

बांधावरचा_पिंपळ

ताई, सही करू नका. बाकीचं सविस्तर लोक सांगतीलच पण आधी एवढं ऐका, सही करू नका.

सेतूवाला_दादा

मी स्वतः केंद्र चालवतो, रोज अशा दहा केसेस बघतो, म्हणून नीट लिहितो.

पहिली गोष्ट, बहिणीचं नाव असल्यामुळे कुणाचाही हप्ता अडत नाही. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. एवढंच. सज्ञान मुलाचं कुटुंब वेगळं, विधवा आईचं वेगळं. म्हणजे वारस नोंद झाली की आई एक लाभार्थी, गावातला भाऊ दुसरा, पुण्यातला तिसरा, ज्याच्या त्याच्या नावावर क्षेत्र दिसलं पाहिजे आणि अपात्रतेच्या यादीत तो बसता कामा नये. तुमच्या मिस्टरांना त्यांच्या जमिनीवर हप्ता येत असेल तर तुम्हाला वेगळा मिळणार नाही, कारण तुमचं दोघांचं कुटुंब एक. पण मिळणार नाही म्हणून नाव काढायचं असं कुठल्याही नियमात नाही.

दुसरं, १ फेब्रुवारी २०१९ ची अट लोक घाबरवायला सांगतात. त्या तारखेनंतर विकत घेतलेली जमीन असेल तर लाभ नाही हे खरं, पण वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. त्यामुळे तीही भीती नको.

आता काम कसं करायचं. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) वारस नोंदीचा अर्ज, घरबसल्या ई-हक्क या सरकारी पोर्टलवरूनही जातो. आधी गाव नमुना ६ क ला वारसांची नोंद, मग फेरफार, मग नोटीस, हरकतीला १५ दिवस, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर आईचा फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढा, त्याशिवाय नवीन नोंदणी होत नाही. मग पीएम किसानला नवीन नोंदणी. बाबांच्याच नोंदणीत नाव बदलून आईचं घालता येत नाही, तो वेळ वाया घालवू नका.

आणि ज्याने हक्कसोडीचा सल्ला दिला त्याला दस्तातलं काही कळत नसावं किंवा फारच कळत असावं. हक्कसोड रजिस्टर करावी लागते, एकदा झाली की तुम्ही संपलात.

तूर_डाळ_भात

सेतूवाला दादा, १८ वर्षांची ती कुटुंबाची व्याख्या कुणी इतकी सोपी करून सांगितलीच नव्हती. आमच्याकडे सासूबाई आणि मिस्टर दोघांचं नाव सातबारावर आहे, घरात एकच रेशन कार्ड म्हणून आम्ही एकाचाच फॉर्म भरला इतकी वर्षं.

सेतूवाला_दादा

@तूर_डाळ_भात सासूबाईंचे मिस्टर हयात आहेत का, आणि त्यांना हप्ता येतो का, ते आधी बघा. नवरा-बायको दोघांनी घेतलेली प्रकरणं अलीकडे तपासणीला काढली आहेत. एकाच रेशन कार्डावर दोन-तीन लाभार्थी दिसले तरी चौकशी लागू शकते, कागद तयार ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या बाबाजीचं काय झालं सांगतो. केवायसीसाठी तीनदा सेंटरवर नेलं, अंगठा काही उठतच नव्हता. साठ वर्षं वखर धरला त्या हाताले रेघा कुठून राह्यतील. शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून केवायसी झाली, ती सोय अ‍ॅपमध्ये आहे बरं, २०२३ पासून, कोणी सांगत नाही. बाबाजी त्या फोनले रामराम करूनच उठले. सारं सेंटर हासलं. तुमच्या आईचाही अंगठा नसल उठत तर डोक्शाले ताप करून घेऊ नका ताई, चेहऱ्यानं होते.

रोखठोक_पाटील

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. बहीण लग्न करून गेली, तिला तिकडं नवऱ्याची जमीन आहे. शेत कोण कसतं? आई आणि भाऊ. फवारणीला कोण, पाळी घालायला कोण, रात्री रानडुकरं हाकायला कोण? मग नाव लावून चार तुकडे करायचे आणि प्रत्येक कागदाला, प्रत्येक पीक कर्जाला पुण्याची सही, बहिणीची सही गोळा करत बसायचं. ज्याचा घाम त्याचं नाव असं मला वाटतं. कायदा काय म्हणतो ते मला माहीत आहे, मुलींना समान हक्क देणारी २००५ ची दुरुस्तीही माहीत आहे. मी व्यवहाराचं बोलतोय.

गोधडी

@रोखठोक_पाटील, घामाचंच बोलताय ना, मग तुमच्या गावात एक मोजणी करा. खुरपायला किती बायका, काढणीला किती बायका, आणि आठ-अ वर (खातेदाराच्या उताऱ्यावर) किती बायकांची नावं. ज्याचा घाम त्याचं नाव हे मला शंभर टक्के मान्य आहे, पण ते फक्त बहिणीला बाहेर काढतानाच आठवतं. बाबा असताना या ताईच्या आईचं नाव सातबारावर होतं का? नव्हतं. तीस-चाळीस वर्षं तिने घाम गाळला तेव्हा तुमचा नियम कुठे होता?

माझी गोष्ट सांगते. २०११ साली मी हक्कसोड दिली, भावाच्या विहिरीचं प्रकरण अडलंय म्हणून. हसत हसत दिली, साडी-चोळी घेऊन आले. २०१९ ला मिस्टर गेले. सासरची जमीन सासऱ्यांच्या नावावर, ती अजून वाटलेली नाही. म्हणजे आज माझ्या नावावर ना इकडे गुंठा ना तिकडे. दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाते, तरी सरकारच्या लेखी मी शेतकरी नाही. किसानचा फॉर्म भरायला गेले तर केंद्रावरचं पोरगं म्हणालं, मावशी सातबारा आणा. कुठून आणू? भाऊ प्रेमळ आहे, दिवाळीला बोलावतो, पण माझं नाव परत लावणं त्याच्या बायकोला चालत नाही आणि मी मागतही नाही. ताई, भाऊ चांगला असतो तेव्हाच सही मागितली जाते, वाईट भावाला आपण देतच नाही. म्हणून सांगते.

बांधावरचा_पिंपळ

गोधडी ताई 🙏 यावर काय बोलणार.

सासऱ्यांच्या जमिनीत तुमच्या मिस्टरांच्या जागी तुमचा आणि मुलांचा हक्क लागू शकतो, चांगल्या वकिलाला एकदा कागद दाखवाच. सासरे हयात असतील आणि जमीन वडिलोपार्जित असेल तर जास्तच तातडीने दाखवा.

रोखठोक_पाटील

गोधडी ताई, आईच्या नावाचं तुम्ही बोललात ते खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सह्यांचा त्रास होतो हे मात्र मी मागे घेत नाही, तो मी भोगलाय.

लिंबोणी_६५

माझं वय ६७, शेतकरी संघटनेच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेला माणूस आहे, त्यामुळे या धाग्यावर सगळे हप्त्याचाच हिशोब करताहेत हे बघून बोलल्याशिवाय राहवत नाही. आम्ही शरद जोशींच्या मागे "भीक नको, हवे घामाचे दाम" म्हणत रस्त्यावर बसलो होतो. जोशी साहेब उणे सबसिडी समजावून सांगायचे, की सरकार एका हाताने खतात-विजेत जे देतं त्यापेक्षा जास्त दुसऱ्या हाताने भाव पाडून काढून घेतं.

माझाच हिशोब घ्या. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. मी १५ क्विंटल घातलं ४,१०० ने, कारण मुलाच्या फीची तारीख होती, खरेदी केंद्राच्या नोंदणीत नंबर लागायला थांबणं शक्य नव्हतं. क्विंटलमागे १,२२८ रुपये गेले, १५ क्विंटलचे १८,४२०. आणि केंद्राचे ६ हजार, राज्याचे ६ हजार, वर्षाचे मिळाले १२ हजार. म्हणजे माझ्याच खिशातले १८ काढून १२ परत दिले.

सोयाबीनची_शेंग

काका मुद्दा पटतो, पण २,००० रुपये पेरणीच्या तोंडावर येतात तेव्हा बियाण्याची अर्धी पिशवी तरी उधारीवाचून येते. आमच्याकडे तेवढाच आधार आहे. मालाच्या भावासाठी लढूच, पण हप्त्याला भीक म्हणू नका, ज्याला मिळतो त्याला वाईट वाटतं.

लिंबोणी_६५

भीक घेणाऱ्याला म्हणत नाही बाळा, देणाऱ्याच्या मनाला म्हणतो. तुझं म्हणणं बरोबर आहे, पेरणीच्या वेळचे दोन हजार वेगळेच असतात.

बटईदार

मी कुणाच्याच हिशोबात नाही. माझ्या स्वतःच्या नावावर ०. आठ एकर ठोक्याने (ठरलेल्या रोख भाड्याने) करतो, मालक शहरात नोकरीला. ठोका रोख आधी द्यायचा, बी माझं, खत माझं, फवारा माझा, पाऊस गेला तर नुकसान माझं. किसानचा हप्ता मालकाच्या आईच्या नावावर जातो. अतिवृष्टीचे पैसे आले, हेक्टरी ८,५०० प्रमाणे, ते पण तिकडंच गेले. मालक चांगला आहे, त्याने त्यातले निम्मे मला दिले, पण ते त्याच्या मनावर, माझा हक्क म्हणून नाही. लिहून मागावं तर म्हणतो लिहून दिलं की तू कूळ लागशील. बोलाचालीवर चाललंय ११ वर्षं.

महसुली_कारकून_निवृत्त

बटईदार भाऊ, मालकाची ती भीती कुठून आली ते सांगतो, म्हणजे त्याच्यावर राग धरू नका. कुळ कायदा मुंबई राज्यात १९४८ चा, हैदराबाद भागाचा म्हणजे मराठवाड्याचा १९५० चा, विदर्भाचा १९५८ चा. १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन धरून पश्चिम महाराष्ट्रात कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. फार मोठं काम झालं त्यातून, अनेकांना जमिनी मिळाल्या. पण तेव्हापासून जमीनवाल्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच शिकवण, कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही. ज्या कायद्याने तुमच्या आजोबांच्या पिढीला जमीन दिली असती त्याच्याच भीतीने आज तुमचं नाव कागदाबाहेर आहे. नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाड्याने देण्याचा नमुना कायदा काढला, त्यात मालकाची मालकी शाबूत ठेवून कसणाऱ्याला कर्ज, विमा मिळावा अशी सोय आहे. आंध्रने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्काचा वेगळा कायदा करून त्यांना कार्ड द्यायला सुरुवात केली. ओडिशाच्या कालिया योजनेत भूमिहीन आणि वाटेकरीही घेतले होते. म्हणजे करता येतं.

मिसिसिपीकाठी

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, सध्या अमेरिकेत आयोवा राज्यात असतो, आजूबाजूला सगळी मका आणि सोयाबीनच. इथे जवळपास प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी समजा, शेती अनुदानाचं एक ऑफिस असतं आणि त्यावर शेतकऱ्यांनीच मतदान करून निवडलेली समिती असते. बटईदार भाऊंसाठी मुद्दा हा की जमीन रोख भाड्याने दिली असेल तर अनुदान कसणाऱ्याला जातं, मालकाला नाही. वाट्याने दिली असेल तर दोघांत वाटून. ठोकेवाला आणि बटईवाला असा फरक इथल्या नियमात लिहिलेला आहे.

दुसरं म्हणजे कुणाला किती अनुदान गेलं ते काउंटीवार नावानिशी नेटवर बघता येतं, एका पर्यावरण संस्थेने सरकारकडून माहिती मिळवून कितीतरी वर्षांपासून ती मांडली आहे. त्यातून कळलं की मोठा वाटा मोठ्या शेतांनाच जातो. त्यामुळे इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही.

रोखठोक_पाटील

मग मालक भाडं वाढवत नाही का? आमच्याकडे ठोकेवाल्याला हप्ता द्यायचा म्हटलं की दुसऱ्या दिवशी ठोका एकरी दोन हजाराने वर.

मिसिसिपीकाठी

वाढवतात. तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. इथेही हाच वाद आहे, अनुदानाचा काही भाग भाड्यात मुरतो. पण पूर्ण मुरत नाही, आणि विमा-नुकसान भरपाई तरी कसणाऱ्याच्या नावाने येते.

बटईदार

मला पैशापेक्षा तेच पाहिजे. नुकसान झालं तर पंचनाम्यात माझं नाव यावं.

ठिबक_सिंचन

मध्येच विचारतो, ठिबकचं अनुदान ८० टक्के म्हणतात ते खरं का? माझी महाडीबीटीवर (राज्याच्या योजनांच्या पोर्टलवर) निवड झाली आहे.

सेतूवाला_दादा

अल्प-अत्यल्प भूधारक, म्हणजे २ हेक्टरपर्यंत, असाल तर केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८०. बाकीच्यांना ४५ वरून ७५. पण टक्के सरकारी मापदंडाच्या खर्चावर असतात, दुकानदाराच्या बिलावर नाही, तिथे लोक फसतात. पूर्वसंमती आल्याशिवाय संच घेऊ नका. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

काळ्या_मातीची_लेक

इतकं सगळं वाचून डोळे भरून आले. गोधडी ताई, तुमचं लिहिणं मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

एक अवघड प्रश्न राहिला. बाबा गेल्यावर जे दोन हप्ते आले, किसानचे आणि नमोचे मिळून ८ हजार, ते आईने कार्यात आणि भावाने खतात घातले. त्याचं काय?

गावचा_पारावर

गप बसा. कोण विचारतंय.

महसुली_कारकून_निवृत्त

गप बसू नका. लाभार्थी गेल्यानंतर आलेली रक्कम परत करावी लागते. आज नाही विचारलं तरी वारस नोंदीला मृत्यूची तारीख कागदावर येणार, आणि मग नोटीस आईच्या दारात येणार. आयकर भरणाऱ्यांना अशाच नोटिसा निघाल्या तेव्हा तहसीलला पैसे भरायला आलेली माणसं मी पाहिली आहेत, मान खाली घालून उभी असायची. तुमच्या आईने तसं उभं राहू नये. किसानचे पैसे पोर्टलवरून ऑनलाइन परत भरता येतात, नमोचं तालुक्याला विचारून घ्या आणि पावती फाइलला लावा.

वऱ्हाडी_ठेचा

बरोबर हाय. आयकरावरून आठवलं, रिटर्न भरणं वेगळं अन् टॅक्स भरणं वेगळं. माह्या चुलतभावानं लोनसाठी शून्याचं रिटर्न भरलं अन् घाबरून स्वतःच हप्ता सोडून दिला. अपात्र तो, ज्यानं मागच्या वर्षी आयकर भरला.

तूर_डाळ_भात

ताई अजून एक, आईचं खातं नुसतं आधारला लिंक असून चालत नाही, एनपीसीआय मॅपिंग (आधारवर येणारे पैसे कुठल्या बँकेत जायचे ती नोंद) कुठल्या बँकेला आहे ते बघा. आमचे तीन हप्ते भलत्याच खात्यात जाऊन पडले होते, शिष्यवृत्तीसाठी मध्ये एक खातं उघडलं होतं तिकडे. शेवटचं मॅपिंग ज्या बँकेचं, पैसे तिकडे.

काळ्या_मातीची_लेक (साडेतीन महिन्यांनी)

धागा वर काढतेय, माफ करा, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

मी राखीपौर्णिमेला गेले तेव्हा थोरल्याला समोर बसवून सेतूवाला दादांचं उत्तर पूर्ण वाचायला दिलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं माझं नाव लागलं की एकाच नावाचा हप्ता चौघांत अडकतो. तुझ्या नावावर तुझा, आईच्या नावावर आईचा असं कळल्यावर म्हणाला, मग तुला कशाला त्रास दिला गं मी. वहिनी थोडी नाराज होती, तिची समजूत अजून चालू आहे.

फेरफाराला वेळ लागला. पहिल्यांदा अर्जात धाकट्याच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळेना म्हणून परत आला. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत बुलढाण्यापासून सुरू होऊन राज्यभर मयत खातेदारांच्या वारस नोंदी झाल्या असं आता कळतंय, तेव्हा आमच्यातलं कुणी गेलंच नाही, त्याची हळहळ वाटते. गेल्या आठवड्यात नोंद प्रमाणित झाली. चार नावं आहेत. पहिलं आईचं.

८ हजारांतले किसानचे ४ ऑनलाइन भरले, पावती ठेवली. नमोचं तालुक्याला लेखी विचारलंय, उत्तर यायचंय. आईचा फार्मर आयडी झाला, अंगठा उठला नाही, चेहऱ्याने झालं (ठेचा भाऊ, तिनेही नमस्कार केला फोनला!). हप्ता अजून आलेला नाही, स्टेटसला लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडणं) नो दाखवतंय.

सातबाराची प्रिंट आईने देवघरात ठेवलीय. रोज उघडून बघते. तिला वाचता येत नाही, पण कुठल्या ओळीत तिचं नाव आहे ते तिला माहीत झालंय.

सेतूवाला_दादा

लँड सीडिंग नो म्हणजे तालुका कृषी कार्यालयात आठ-अ आणि फेरफाराची प्रत देऊन अर्ज करा, तिथून येस करतात. पंधरा दिवसांत नाही झालं तर १५५२६१ वर तक्रार नोंदवा आणि नंबर इथे नको, मला निरोपात पाठवा.

गोधडी

आईला माझा नमस्कार सांग गं. आणि मी वकिलाकडे जाऊन आले.

बांधावरचा_पिंपळ

काय म्हणाले वकील?

गोधडी

म्हणाले कागद चांगले आहेत, सासऱ्यांचे जुने फेरफार काढून आणा. उद्या तहसीलला जातेय, मोठ्या मुलीला बरोबर नेतेय.